एकदा सांगितलेलं पाप पुन्हा सांगायचं असतं का?

जानेवारीतला दुसरा रविवार. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला आणि मुलं धडाधड जिना उतरून मैदानाकडे पळाली. नववीतली एक मुलगी मात्र फळा पुसत राहिली. पुसून लख्ख झालेला फळा ती पुन्हा पुसत होती. मी पिशवी खांद्याला लावली, तेव्हा माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "बाई, एकदा सांगितलेलं पाप पुन्हा सांगायचं असतं का?"

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या परिसरात, मी बावीस वर्षं धर्मशिक्षण देते. हा प्रश्न मुलं विचारतात आणि त्याचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. "नाही गं बाळा. एकदा फादरांकडे पापनिवेदन केलं, क्षमा मिळाली, की झालं. देव जुनी खाती उकरत नाही." ती "बरं" म्हणाली, डस्टर जागेवर ठेवलं आणि गेली. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण तिने जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं. आधी "का गं?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या घाईपायी दुसऱ्या एका मुलीच्या माथ्यावरचा खोटा डाग आणखी दोन आठवडे तसाच राहिला. या प्रकरणातली माझी चूक ही, म्हणून ती सगळ्यांत आधी लिहिते. दोन्ही घरांना विचारूनच मी हे मांडते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ऑक्टोबरमधला भूमितीचा पेपर

पहिल्या सत्राची परीक्षा होती. गणित भाग दोन, चाळीस गुण, दोन तास. या मुलीला भूमितीची धास्ती होती, विशेषतः सिद्धतांची. मध्यबिंदूचं प्रमेय हमखास येणार, असं क्लासच्या सरांनी सांगितलेलं. तिने गाइडच्या त्या पानाची मायक्रो झेरॉक्स काढून आणली. दुकानदाराने काही विचारलंही नाही. बोटभर लांबीची घडी करून ती तिने कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली ठेवली.

प्रमेय खरंच आलं. चिठ्ठी तळहातात घेऊन ती उतरवत होती, तेवढ्यात मुख्याध्यापिका राउंडवर आल्या. तिच्या हाताला घाम सुटला आणि चिठ्ठी खाली पडली. तिने बुटाने ती पुढे सरकवली. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या पायाशी जाऊन ती थांबली.

पर्यवेक्षक बाईंनी चिठ्ठी उचलली. "कोणाची आहे?" कोणीच बोललं नाही. पुढची मुलगी खाली वाकून बघत होती. तिचं ते बघणंच तिच्यावर उलटलं. हाताने लिहिलेली चिठ्ठी असती तर अक्षरावरून कळलं असतं. झेरॉक्सला अक्षर नसतं. "माझी नाही, बाई," असं ती तीनदा म्हणाली. पेपर काढून घेतला गेला, तेव्हा चाळीस मिनिटं शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावलं. आई फुलांच्या वाडीत कळ्या खुडायला जाते. तिचा त्या दिवशी खाडा झाला. भूमितीत शून्य लागला. शिवाय वर्गासमोर, फळ्याशेजारच्या टेबलावर बसवून तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं: मी परीक्षेत कॉपी केली, पुन्हा असे करणार नाही. खाली सही, तारीख, आणि आईचा अंगठा.

मागच्या बाकावरच्या मुलीची कोणी झडतीही घेतली नाही. तिचे वडील मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बायबलचं वाचन करतात, शाळेच्या पालक समितीवर आहेत. पुढच्या मुलीच्या आईला लिहिता येत नाही, आणि घटक चाचणीत त्या मुलीला अचानक चांगले गुण पडले होते. "तेव्हाच शंका आली होती," असं कोणीतरी शिक्षकखोलीत म्हणालं. मुख्याध्यापिकांनी हे मला नंतर स्वतः सांगितलं, काही न लपवता. त्यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

क्षमा मिळाली होती का?

नाताळच्या आधी, आगमनकाळात, आमच्याकडे सामूहिक प्रायश्चित्तविधी असतो. शेजारच्या धर्मग्रामांतून फादर येतात, चर्चमध्ये ठिकठिकाणी खुर्च्या मांडून बसतात आणि मोठ्या रांगा लागतात. ही मुलगीही रांगेत होती. तिने काय सांगितलं ते तिने स्वतः मला सांगितलं. सांगणाऱ्यावर बंधन नसतं, बंधन असतं ते ऐकणाऱ्यावर. तिची यादी अशी होती: आईला उलट बोलले, मोबाइल लपवून वापरला, परीक्षेत कॉपी केली, प्रार्थना टाळली. फादरांनी तिला सांगितलेल्या प्रार्थना म्हणून ती घरी गेली.

म्हणजे कॉपी तिने सांगितली. पुढे सरकवलेला बूट सांगितला नाही. हमीपत्र लिहिलं जात असताना आपण गप्प बसलो, तेही सांगितलं नाही.

चौदा वर्षांच्या मुलीने हे मुद्दाम लपवलं असं मला वाटत नाही. आम्हीच मुलांना पापांची यादी करायला शिकवतो आणि यादीत शब्द मावतात, माणसं मावत नाहीत. कॉपी या शब्दात दहा आज्ञांतली सातवी आज्ञा येते, चोरी करू नको. दुसऱ्याची सिद्धता आपली म्हणून उतरवणं ही चोरीच आहे. पण पेपर काढून घेतला गेला त्या क्षणापासून प्रकरण आठव्या आज्ञेत शिरलं होतं, खोटी साक्ष देऊ नको. साक्ष द्यायला तोंड उघडावं लागतं असं नाही. तिचं गप्प राहणं हीच साक्ष होती, आणि तिच्या जोरावर एक निरपराध मुलगी गुन्हेगार ठरली.

कॅथलिक शिकवणुकीत प्रायश्चित्त संस्काराची तीन अंगं पूर्वापार सांगितली आहेत. पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई. ट्रेंट धर्मसभेने 1551 साली ती तशी मांडली. पहिली दोन आम्ही घोकून घेतो. तिसऱ्याचा अर्थ मात्र फादरांनी सांगितलेल्या दोन-तीन प्रार्थना एवढाच उरला आहे. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात हे इतकं स्पष्ट आहे, की मी ते परिच्छेद पुन्हा वाचले तेव्हा मला स्वतःचीच शरम वाटली. पापक्षमेने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव परत मिळवून द्यायचं. सत्याविरुद्धच्या अपराधाबद्दल तर असं म्हटलं आहे, की अपराध्याला क्षमा मिळाली असली तरी भरपाईचं कर्तव्य उरतंच.

तेव्हा, एकदा सांगितलेलं पाप पुन्हा सांगायचं असतं का? देवाला, नाही. पण ज्या मुलीला ते अजून एकदाही सांगितलेलं नाही, तिला सांगायचं असतं.

खाऊ, गाइड आणि निनावी पत्र

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. योगायोगाने त्या दिवशी जक्कयचा पाठ होता, अन्यायाने घेतलेलं परत करणाऱ्या बायबलमधल्या जकातदाराचा. वर्ग सुटल्यावर ती रडायला लागली आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं.

त्यात एक गोष्ट अशी होती, की ती ऐकून मी हादरले. ऑक्टोबरपासून ती पुढच्या मुलीशी फार गोड वागत होती. डब्यातला खाऊ द्यायची. भूमितीचं आपलं गाइडही तिला देऊन टाकलं होतं. नाताळात घरी केलेल्या करंज्यांचा डबा नेऊन दिला होता. वर्गातल्या बाकीच्या मुली 'कॉपीवाली' म्हणून तिला टाळत होत्या, तेव्हा ही एकटी तिच्या शेजारी बसत होती. "मी भरून काढत होते, बाई," ती म्हणाली.

मला तिच्या मनातली कळकळ दिसत होती. तरी मी तिला सांगितलं, की हे भरून काढणं झालं नाही. त्या मुलीला वाटतंय की जगात आपल्यावर विश्वास ठेवणारी एक तरी मैत्रीण आहे. तू तिला खाऊ दिलास, पण तिचं नाव स्वतःकडेच ठेवलंस.

मग तिने निनावी पत्राचं विचारलं. मुख्याध्यापिकांच्या नावाने, टाइप करून, 'ती चिठ्ठी तिची नव्हती' एवढंच. ही वाट मी सरळ मोडीत काढली नाही. निदान संशय तरी उठला असता. पण निनावी पत्रावर शाळा किती विश्वास ठेवणार? आणि मग वर्गातल्या पस्तीस-चाळीस मुलांवर संशय फिरला असता. एकीवरचा डाग काढायला सगळ्यांवर शिंतोडे उडाले असते.

फादरांनीच जाऊन शाळेत सांगितलं तर, असंही तिने विचारलं. हे पालकांनीही नीट समजून घ्यायला हवं. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्याचं 983 वं कलम तसं सांगतं आणि ती गुप्तता सरळ मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. निरपराध मुलीला सोडवायचं असलं तरी नाही. म्हणून तर माणसं तिथे मोकळी होतात. पण त्याच कारणाने पुढचं पाऊल दुसरं कोणी टाकू शकत नाही, ज्याचं त्यालाच टाकावं लागतं. मी आमच्या प्रमुख धर्मगुरूंकडे गेले, कोणाचं नाव न घेता सल्ला विचारला. ते एवढंच म्हणाले, "तिला ढकलू नका. तिच्याबरोबर चाला."

आपल्या मराठी बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात एक शब्दप्रयोग आहे: आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो क्षमा करील. कबूल करणं यापेक्षा हे पदरी घेणं मला फार मोठं वाटतं. कबुली तोंडाने देता येते. पदरी घेतलेलं घेऊन चालावं लागतं, त्याचं ओझं लागतं, लोकांना ते दिसतं. त्या मुलीला मी हा शब्द समजावून सांगितला. पदर पसरून क्षमा मागायची ती नंतरची गोष्ट, आधी आपलं आहे ते पदरी घ्यायचं. तिने वहीच्या मागच्या पानावर तो शब्द लिहून घेतला.

आईबाबांचं म्हणणं

घरी तिने माझ्यासमोरच सांगितलं. आई रडली. बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "पुढच्या वर्षी दहावी आहे, बाई. रेकॉर्डला लागलं तर?"

त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात 1982 चा कायदा आहे, कॉपीमुक्त अभियानाच्या बातम्या दर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि बापाच्या डोळ्यांसमोर लगेच पोलीस उभे राहतात. पण ती झाली बोर्डाच्या परीक्षेची बाब. नववीचं सत्र हा शाळेच्या शिस्तीचा विषय आहे. हे ऐकून त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. "मी मुख्याध्यापिकांना खासगीत भेटतो. त्या मुलीचे गुण दुरुस्त होतील. पोरींना कशाला मध्ये आणायचं?" यात त्यांच्या मुलीचं भलं होतं, आणि गुणांपुरतं दुसऱ्या मुलीचंही. पण गुण ही त्या प्रकरणातली सगळ्यांत लहान गोष्ट होती. त्या मुलीला गुणपत्रिकेत चोर म्हटलं नव्हतं, वर्गात म्हटलं होतं.

जक्कयची गोष्ट मी तिथे पुन्हा काढली. तो यरीहोतला मुख्य जकातदार, ठेंगणा, येशूला पाहायला उंबरावर चढलेला. येशू त्याच्याकडे उतरायला आला आणि लोक कुरकुरले. त्यानंतर जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धं द्रव्य गरिबांना देतो आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात तर साध्या अपराधाची कबुली दिल्यावर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायला सांगितलं आहे. चौपट हा मेंढरू चोरून कापणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा दंड. जक्कयने तो कोणी न मागता स्वतःला लावून घेतला. आणि येशू त्याच्या घरी आला तो या भरपाईनंतर नाही, आधी. म्हणून त्या मुलीला भरपाई करून क्षमा विकत घ्यायची नव्हती. क्षमा दारात आली होती, आता घरातलं दुसऱ्याचं सामान परत करायचं होतं.

बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "मी रजा टाकली आहे. शाळेत तिघंही जातो."

लादीवर बसून

शाळेतली भेट लवकर आटोपली. मुलीने सांगितलं, मुख्याध्यापिकांनी पर्यवेक्षक बाईंना बोलावलं, त्यांचा चेहरा उतरला. पुढच्या मुलीच्या आईला उद्या बोलावून घेऊ, असं ठरायला लागलं तेव्हा मी मध्ये बोलले. त्या बाईचा एकदा खाडा झालाय. आता आपण जायचं.

संध्याकाळी कामावरून ती परतल्यावर आम्ही गेलो. मुलीच्या बाबांनी फळांची पिशवी घेतली होती. ती मी गाडीतच ठेवायला लावली. हातात भेट असली की समोरच्याला रागावता येत नाही, आणि त्या घराला त्या दिवशी रागावायचा पूर्ण हक्क होता. एका खोलीचं घर. आम्ही लादीवर बसलो. काय बोलायचं ते मुलीने आधी लिहून काढलं होतं, त्यातली 'मला खूप भीती वाटली', 'माझ्याकडून चुकून' ही वाक्यं आम्ही दोघींनी मिळून खोडली होती. उरलं ते तिने सांगितलं: "चिठ्ठी माझी होती. मी ती बुटाने तुझ्याकडे सरकवली. तुला शिक्षा झाली तेव्हा मी गप्प बसले. शाळेत मी आज हे सांगितलंय."

आई आधी समजलीच नाही. समजल्यावर ती आमच्याकडे न बघता आपल्या लेकीकडे वळली आणि म्हणाली, "मी तुला मारलं होतं." मग बराच वेळ ती तेवढंच म्हणत राहिली.

मुलीच्या आईने हात जोडले. "ताई, आमच्या पोरीला माफ करा. आमच्या येशूने सांगितलंय..." तिला पुढे बोलू न देता ती बाई म्हणाली, "तुमच्या देवाने केलं असंल माफ. माझी पोर आठ दिवस धड जेवली नाही, ते कोन माफ करनार?"

तिथे आमच्यातलं कोणीही एक शब्द बोललं नाही, आणि ते योग्यच झालं. ते कुटुंब ख्रिस्ती नाही. असतं, तरी फरक पडला नसता. साताच्या सत्तर वेळा क्षमा कर, हे येशूने आपल्या शिष्याला, पेत्राला सांगितलं, आणि पेत्र विचारत होता तो आपण किती वेळा क्षमा करावी हे. अपराध्याने ते वचन समोरच्यापुढे बिलासारखं धरायचं नसतं. आम्ही ख्रिस्ती लोक हे फार वेळा करतो. माफी मागतो आणि त्याच दमात समोरच्याला माफ करायच्या कर्तव्याची आठवणही करून देतो.

पुढच्या बाकावरची मुलगी तोवर दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने एकच विचारलं.

"मी हमीपत्र लिहीत होते, तेव्हा तू बघत होतीस ना?"

"हो."

"आणि नंतर माझ्याजवळ येऊन बसलीस."

"हो."

ती आतल्या पडद्यामागे गेली. आम्ही उठलो.

वर्गासमोर सांगायचं की नाही

यावर सगळ्यांत जास्त वाद झाला. वर्गशिक्षिकेचं म्हणणं होतं, की चौदा वर्षांच्या मुलीला वर्गासमोर उभं करणं म्हणजे एका अपमानावर दुसरा अपमान. मुलं चिडवतील, ती खचली तर जबाबदार कोण? यात तथ्य होतं. सक्तीची जाहीर माफी म्हणजे दुसरं हमीपत्रच, आणि सक्तीचं हमीपत्र काय करतं ते शाळेने नुकतंच पाहिलं होतं. पण पुढच्या मुलीच्या आईची एकच मागणी होती: "ज्यांच्यासमोर माझ्या लेकीला चोर म्हनलं, त्यांच्यासमोर सांगा."

मला ती बाई शंभर टक्के बरोबर वाटली. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं ते प्रमुख याजकाच्या वाड्यात, लोकांनी पेटवलेल्या कोळशाच्या विस्तवापाशी. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, तेव्हाही किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे. योहानाने ही बारीक गोष्ट दोन्हीकडे नोंदवली आहे. आणि तेही एकांतात झालेलं नाही, बाकीचे शिष्य तिथे आहेत. जिथे मोडलं त्याच्यासारख्याच जागी, माणसांच्या देखत, जोडलं गेलं.

मुलीला कोणी आग्रह केला नाही. सांगायची मोठ्यांची तयारी झाली, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तर मला पकडल्यासारखं होईल. मी सांगते."

आधी पर्यवेक्षक बाई उभ्या राहिल्या. चौकशी न करता मी निकाल दिला, असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला नावाने हाक मारून माफी मागितली. शिक्षकाने वर्गासमोर एवढं म्हणणं मी माझ्या आयुष्यात फार कमी पाहिलं आहे. मग मुलगी बोलली, तीच चार वाक्यं, घरात म्हटलेली. शेवटी मुख्याध्यापिकांनी फाइलमधून हमीपत्र काढून पुढच्या मुलीच्या हातात दिलं. सगळ्यांना वाटलं ती फाडेल. तिने त्याची घडी केली आणि कंपासपेटीत ठेवली.

तिची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात तशीच होती, न तपासलेली. तपासल्यावर चाळीसपैकी सत्तावीस भरले. शाळा तेवढे द्यायला तयार होती, पण तिने आपली चाळीस मिनिटं मागितली. ग्रंथालयात एकटीला बसवून, नवे प्रश्न काढून तिला ती दिली. आता पस्तीस झाले. दुसऱ्या मुलीला भूमितीत शून्य मिळाला. तो तिने घरच्या सहीसाठी आणला, तेव्हा बाबांनी काही न विचारता सही केली.

आमच्या धर्मग्रामात बातमी पसरायला किती वेळ लागणार? वाचन करणाऱ्याच्याच घरात असं, म्हणून कुजबुज झाली. मुलीला गायनवृंदातून काढा, असंही एकाने सुचवलं. मी त्याला कडाडून विरोध केला. शाळेने शिक्षा केली होती आणि ती योग्य होती. चर्चने वरून आणखी एक ठोकायची, तर मग मुलं आमच्याकडे येऊन सांगतील कशाला?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात, राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात, ती पुन्हा पापनिवेदनाला गेली. या वेळी काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला एवढं रांगेतल्या सगळ्यांना दिसलं.

वर्गात त्या दोघी आता एकत्र बसत नाहीत. पुढची मुलगी तिच्याशी बोलत नाही. गाइड तिने परत केलं, पानांत ठेवलेल्या खुणांसकट.

मार्चमध्ये मुलीने नाताळात पाहुण्यांकडून मिळालेले पैसे एका पाकिटात भरले. पुढच्या मुलीच्या आईचा झालेला खाडा भरून द्यायचा होता. शाळेतला एक दिवस, आणि हमीपत्राच्या दुसऱ्या दिवशी लेक तापाने फणफणली म्हणून घरी राहिलेला एक. बाबा म्हणाले मी देतो, तिने ऐकलं नाही. आईबरोबर गेली. मी दारापर्यंत सोबत होते.

त्या बाईने पाकीट उघडलं, उंबऱ्यावर बसून नोटा मोजल्या. दोन दिवसांची मजुरी काढून कनवटीला लावली, उरलेल्या नोटा पाकिटात घालून पाकीट मुलीच्या हातात परत दिलं. जास्तीचं नको, म्हणाली. मग मुलीच्या पायांकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी चपला बाहेर काढत जा. लादी आत्ताच पुसलीय."